चालेल म्हणालो होतो

ऑफिसात मला 'हेर नोखमाल' म्हणतात. हेर म्हणजे श्रीयुत आणि नोखमाल म्हणजे 'पुन्हा एकदा'. मोटारीचं इंजिन थंड ठेवणारी जी यंत्रणा असते, रेडिएटर, पंप, रबरी नळ्या वगैरे, तिच्या गळतीच्या चाचण्या माझ्याकडे आहेत. शुक्रवारी दुपारी कोणी घाईघाईनं सही मागायला आलं, की मी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "नोखमाल." मग तो बिचारा सुटीच्या तोंडावर पुन्हा नळ्या जोडतो, दाब देतो आणि थांबतो. स्टुटगार्टमध्ये जिना झाडायची पाळी कोणाची याचीसुद्धा पाटी दारावर लटकते. अशा गावातल्या लोकांनी एका मराठी माणसाला जास्तच काटेकोर म्हणावं, याचा मला मनातून फार अभिमान होता. घरी जेवताना मी ते सांगायचो. पुन्हा पुन्हा सांगायचो.

घरी मात्र माझा शब्द वेगळा होता. घरी मी 'चालेल' म्हणायचो.

आपल्याकडे हा शब्द किती कामाला येतो! आमटीत मीठ कमी आहे, चालेल. पाहुणे उद्याऐवजी आज येतायत, चालेल. त्यात होकार आहे, माफी आहे, आळस आहे आणि समोरच्याला गप्प करण्याची सोयही आहे. मुलगी लहान असताना नोव्हेंबरात इथली पोरं कागदी कंदील घेऊन मिरवणुकीला निघतात, तेव्हा तिच्या कंदिलाची काडी मी चिकटपट्टीनं जोडली होती. "चालेल." कंदील कोपऱ्यावरच खाली पडला आणि पुढची सगळी मिरवणूक ती काडी हातात धरून चालली. तिच्या सायकलच्या ब्रेकची तार मी पक्कड घेऊन वळवली होती. "चालेल." हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. ऑफिसचे नियम ऑफिसात असतात आणि घर आपलं असतं, असं मला वाटायचं.

मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिच्या तोंडी मराठी शब्द मोजकेच: आई, बाबा, भूक, पुरे आणि चालेल. हा शेवटचा माझ्याकडून आलेला.

शाळा संपली त्या उन्हाळ्यात तिला ॲनिमेशन शिकायला जायचं होतं. इथे अशा शिक्षणासाठी मार्कांपेक्षा माप्पे महत्त्वाची असते. माप्पे म्हणजे आपल्या कामाचा नमुना, जो बघून ते ठरवतात की या मुलीला बोलवायचं की नाही. तिनं एक छोटी फिल्म केली होती. एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन आमच्या भागातल्या डोंगरउताराच्या पायऱ्या चढते. प्रत्येक वळणावर तिची भिंतीवरची सावली थोडी तरुण होत जाते, आणि अगदी वरच्या पायरीवर सावली परकर-पोलक्यातली लहान मुलगी होते. परकर-पोलकं तिनं माझ्या आईच्या फोटोवरून घेतलं होतं. मला फिल्ममधलं काही कळत नाही, पण त्या शेवटच्या वळणाची कच्ची चित्रं तिनं दाखवली तेव्हा मी उगाच पाणी प्यायला उठलो.

अशी फिल्म करताना शेवटी कॉम्प्युटरला एकेक चित्र पूर्ण रंगवून काढावं लागतं. त्याला रेंडरिंग म्हणतात आणि ते दिवसचे दिवस चालतं. आमचं घर छपराखालचं. स्टुटगार्ट खोलगट वाटीसारखं वसलंय, वारा नाही, उन्हाळ्यात छप्पर तव्यासारखं तापतं. तिचा कॉम्प्युटर रेंडर करताना इतका गरम व्हायचा, की मध्येच आपोआप बंद पडायचा. पंखे विमान उडाल्यासारखे ओरडायचे आणि मग एकदम शांतता. ती शांतता झाली की तिच्या खोलीतून एक जर्मन शिवी ऐकू यायची.

तिला दुकानातून तयार वॉटर कूलिंग आणायचं होतं, सगळं जोडलेलं, सीलबंद, स्क्रू पिळले की झालं. बायको म्हणाली, "घेऊन टाक रे. तिची आबगाबे तोंडावर आलीये." आबगाबे म्हणजे काम सादर करायची शेवटची तारीख. आम्हाला परवडत नव्हतं अशातला भाग नाही. मला ते पटतच नव्हतं.

"तयार?" मी म्हणालो. "अगं, मी आयुष्यभर करतो काय? गाडीचं अख्खं इंजिन थंड ठेवतो. ही एवढीशी पेटी थंड ठेवायला मी विकतचं आणू? लोक हसतील मला."

"कोण लोक?" बायकोनं विचारलं. उत्तर देण्याऐवजी मी आवाज वाढवला.

सामान जमवायला मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. तत्त्व सोपं आहे. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, ते तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथे पंख्यानं गार करायचं आणि परत आणायचं. ठोकळे मी जुन्या सामानाच्या जाहिरातीतून घेतले. पंपही तसाच. रेडिएटर म्हणून भंगारातल्या एका म्हाताऱ्या गाडीचा हीटर काढून आणला. तोही बघून, तांब्या-पितळेचाच. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. हे मी मुलीला समजावून सांगितलं आणि तिनं "आ, एश्ट?" म्हणून कौतुकानं ऐकलं. खरंच का, असं. तिनं माझं काही कौतुकानं ऐकल्याला बरेच दिवस झाले होते. मी आणखी चढलो.

पाण्याची टाकी म्हणून मी स्वयंपाकघरातला चकलीचा डबा घेतला. पारदर्शक, घट्ट झाकणाचा. झाकणाला दोन भोकं पाडून झाल्यावर बायको आत आली.

"तो आईनं दिलेला डबा आहे," ती म्हणाली.

"आता तो रिझर्व्हॉयर आहे," मी म्हणालो. मुलगी हसली. बायको हसली नाही.

शनिवारी मुलगी आणि मी बाउमार्क्टला गेलो. लाकूड, रंग, नळ असं सगळं मिळणारं ते मोठं दुकान. तिथे पारदर्शक नळी मीटरवर कापून मिळते. नळी जिथे जिथे जोडायची तिथे वरून आवळायला धातूची क्लिप लागते, तिला इथे श्लाउखशेले म्हणतात. ऑफिसात माझं अर्धं आयुष्य या क्लिपांवर भांडण्यात गेलंय. किती आवळायची, कुठे बसवायची, पुन्हा वापरायची की नाही. आणि मी त्या दुकानात उभा राहून मनातल्या मनात जोड मोजले आणि एक चुकलो.

ते घरी आल्यावर, सगळं जोडत आणल्यावर कळलं. एक जोड उरला, ग्राफिक्स कार्डाच्या बरोब्बर वरचा, आणि क्लिप संपल्या. दुकान अजून उघडं होतं. गाडीनं फार लांब नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळं बंद, हेही मला ठाऊक होतं. पण शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि मला आता ते पूर्ण झालेलं बघायचं होतं. मी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची पट्टी काढली, वायरी बांधायला वापरतात ती, आणि नळीभोवती करकचून ओढली.

"बाबा," मुलगी वाकून बघत म्हणाली, "इस्ट दास डिश्ट?"

डिश्ट म्हणजे गळत नाही असं, घट्ट. हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द. माझ्या सहीचा अर्थच एवढा आहे, की ही वस्तू डिश्ट आहे. ऑफिसात असा प्रश्न कोणी विचारला तर मी 'हो' म्हणत नाही. मी म्हणतो, मोजून सांगतो.

"चालेल," मी म्हणालो.

आम्ही चकलीच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलं. इस्त्रीत घालायला मिळतं ते. फक्त पंप सुरू केला, कॉम्प्युटर नाही. पाणी नळ्यांमधून गुटगुट करत धावलं, बुडबुडे डब्यात येऊन फुटले. खाली पांढरे पेपर टॉवेल अंथरले होते. मी चहा केला, आम्ही तो प्यालो आणि टॉवेल बघितले. कोरडे ठणठणीत.

"फिअरउंडत्सवान्त्सिश श्टुंडेन," मुलगी म्हणाली. "श्टेट यूबराल." चोवीस तास ठेवायचं, सगळीकडे असंच लिहिलंय. तिनं फोनवर कुठल्या तरी चर्चेचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. शिवाय तिनं हिशेब करून ठेवला होता. सोमवारी सकाळी रेंडरिंग सुरू केलं तरी आबगाबेच्या आधी आरामात संपत होतं. म्हणजे घाई तिला नव्हतीच.

घाई मला होती. रविवारी दुपारी पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल येतो. माझा थोरला भाऊ, त्याला यंत्रांचं भारी वेड. मला त्याला हे चालू असलेलं दाखवायचं होतं. एवढंच. बाकी काहीही कारण नव्हतं.

"मला शिकवू नकोस," मी मुलीला म्हणालो. "या लोकांना कोणी शिकवलं माहितीये? आमच्यासारख्यांनी."

तिनं फोन खिशात टाकला. पण ती रात्रभर तरी ठेवूया म्हणून अडून बसली आणि पंप सकाळपर्यंत चालला. टॉवेल कोरडेच राहिले. मी सकाळी ते तिच्या नाकासमोर नाचवले. गार पाण्यात कोरडे राहिले होते ते. खरी चाचणी तापलेल्या पाण्याची असते, कारण ती स्वस्त पारदर्शक नळी तापली की मऊ होते. क्लिप तिला धरून ठेवते. प्लॅस्टिकची पट्टी धरत नाही, नळी तिच्याखालून हळूच निसटते. हे मला रविवारनंतर कळलं असं नाही. हे मी नव्या इंजिनिअरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

रविवारी दुपारी जेवणं होत आली होती. दादाचा कॉल आला. मी ताटावरून उठलो नाही, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सुरू झालो. भंगारातला हीटर, तांबं-पितळ, चकलीचा डबा. दादा "वा रे पठ्ठ्या" म्हणत होता. मुलगी जेवून हात धुऊन आली आणि दारात उभी राहिली.

"बाबा, कान इश येत्स्ट श्टार्टन?" आता सुरू करू का, असं तिनं विचारलं.

मी मान वळवली नाही. मी दादाला पितळेच्या नळ्यांचं काही तरी सांगत होतो. एक हात मागे हलवला आणि म्हणालो, "चालेल, चालेल."

ती गेली.

दहीभात संपवून, हात धुऊन, दादाशी पुण्यातल्या रस्त्यांवर बोलून झाल्यावर मी म्हणालो, "चल, तुला लाइव्ह दाखवतो." फोन हातात घेऊन मी मुलीच्या खोलीत शिरलो. ती पाठ करून टेबलावर काही काढत बसली होती. स्क्रीनवर म्हातारी दुसऱ्या वळणावर उभी होती, आणि कॉम्प्युटर इतका शांत होता, की मला अभिमानानं गहिवरून आलं. पंख्यांचा आवाजच नाही. मी फोनचा कॅमेरा पेटीच्या काचेजवळ नेला.

"दिसतंय का, दादा?"

"दिसतंय," दादा म्हणाला. "अरे, ते खाली पाणी कसलं?"

हजारो मैलांवरून, पुण्यातल्या सोफ्यावरून, त्याला माझ्याआधी दिसलं. नळी जोडापासून बोटभर सरकली होती आणि पाणी कार्डावरून ओघळून पेटीच्या तळाला साचलं होतं. मी काही करायच्या आत 'टक्' असा बारीक आवाज झाला, स्क्रीन काळा झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. फोनमध्ये दादा "मेन स्विच, मेन स्विच!" म्हणून ओरडत होता. स्विच मुलीनं बंद केला. मी नुसता उभा होतो, हातात दादा घेऊन.

आणि मग मी जे केलं ते मला आजही आठवू नये असं वाटतं. मी तिच्यावर ओरडलो.

"सुरू कशाला केलंस? मला विचारायचं नाही का? लक्ष कुठे होतं तुझं? पाणी दिसत नाही?"

ती टॉवेलनं कार्ड टिपत होती. तिचा आवाज शांत होता. ती म्हणाली, "डू हास्ट चालेल गेसाग्ट."

तू चालेल म्हणालास. सगळं वाक्य जर्मन आणि मधोमध माझा शब्द, स्वच्छ उच्चारलेला. तिनं आरोप म्हणून ते म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, की मी काय विचारतोय. तिच्या लेखी चालेल म्हणजे 'ते चालेल'. यंत्र चालेल. ज्या माणसाचं हे काम आहे, त्यानं तपासून सांगितलं, की चालेल. शब्दाचा जो सरळ अर्थ आहे तोच तिनं धरला होता. आपण सगळ्यांनी मिळून त्या शब्दाचं काय करून ठेवलंय, हे तिला कुठून कळणार?

"बोललास तू," बायको दारातून म्हणाली. "मी ऐकलं."

"मीही ऐकलं," फोनमधून दादा म्हणाला. मी कॉल बंद केला.

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. परदेशात नवीन असताना माणूस रोज कशाला ना कशाला लाजतो. चुकीचं जर्मन बोललं, कचरा चुकीच्या डब्यात टाकला, लाज वाटली, संध्याकाळी विसरलो. ही तशी नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. माझा पाषाण कोरडासुद्धा राहिला नव्हता. मी त्या खोलीत गुडघ्यावर बसून पाणी पुसत होतो आणि मुलगी माझ्याकडे न बघता माझ्या हातात नवे टॉवेल देत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, की डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जात नाही ना. जात नाही, मी म्हणालो. पण ते डब्यातून, नळ्यांतून, जुन्या हीटरमधून फिरलं, कार्डावरच्या धुळीत मिसळलं, की ते डिस्टिल्ड राहत नाही. हे मला आधी माहीत होतं का, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला हो म्हणावं लागलं असतं.

कार्ड मेलं होतं. मुख्य बोर्डही. फिल्म वाचली, कारण ती साठवलेली ड्राइव्ह वरच्या बाजूला कोरडी होती. पण रेंडर करायला यंत्रच उरलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात एकानं कॉफी घेताना विचारलं, कसं चाललंय कूलिंग? त्या सगळ्यांना मी आठवडाभर भंगारातल्या हीटरच्या गोष्टी सांगून पिडलं होतं. मी म्हणालो, "लॉइफ्ट." चालतंय. दुपारी चाचणी विभागातली मुलगी एका पंपाचा कागद सहीला घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून नेहमीच्या शब्दाची वाट बघत हसली. माझ्या तोंडातून तो शब्द फुटेना. मी आकडे बघितले, पुन्हा बघितले, ते बरोबर होते, आणि सही केली. ती म्हणाली, आज बरं नाही का? मी म्हणालो, उकाडा आहे.

त्याच संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, की उद्याच नवं सगळं तयार घेऊन येतो, तयारच घेतो. बायको म्हणाली, "तिला विचार." मुलीनं नको म्हणून मान हलवली. तिनं ड्राइव्ह काढून मोज्यात गुंडाळली होती. एका मैत्रिणीकडे जरा बरा कॉम्प्युटर होता, उपनगरात, एस-बान म्हणजे इथल्या लोकल गाडीच्या शेवटच्या टोकाला. ती तिथे राहायला जाणार होती.

"मी गाडीनं सोडतो," मी म्हणालो.

"पास्ट शोन," ती म्हणाली. असू दे, ठीक आहे. जर्मनमधलं चालेल. तेवढ्यात मला ते कळलं आणि मी गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

मैत्रिणीचं यंत्र हळू होतं. आबगाबेच्या दिवसापर्यंत म्हातारी शेवटच्या वळणाच्या आधीपर्यंतच पोचली. पुढचं मुलीनं तसंच जोडून दिलं, रंग न चढलेलं, राखाडी, मातीच्या बाहुल्यांसारखं. त्या राखाडी भिंतीवर सावली पडतच नाही. म्हणजे म्हातारी वर पोचते, पिशवी खाली ठेवते, आणि भिंतीवर काहीच नसतं. परकर-पोलक्यातली मुलगी कोणाला दिसलीच नाही.

काही आठवड्यांनी आबझागे आली. म्हणजे नकार. आबगाबे आणि आबझागे, दोन अक्षरांचं अंतर. कारण काही लिहिलं नव्हतं, ते लोक लिहीत नाहीत. कदाचित पूर्ण फिल्म बघूनही त्यांनी नाहीच म्हटलं असतं. बायको मला तसं दोनदा म्हणाली, माझी दया येऊन. मला ते कधीच कळणार नाही. याच न कळण्यात मला राहायचंय. मुलगी त्या दिवशी खोलीत गेली, बाहेर आली, म्हणाली भूक लागली आहे. मी थालीपीठं लावली. तिनं जेवताना दादाची चौकशी केली, काकाची तब्येत कशी आहे म्हणून. मला तिच्या ताटाकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर मी घरात चालेल म्हणणं बंद केलं. म्हणजे तसा प्रयत्न केला. जन्माची सवय, ती जाते कुठे. शब्द अर्धा बाहेर यायचा आणि मी तो गिळायचो. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अरे, आमटी कशी झालीये एवढंच विचारतेय. मोजून सांगायची गरज नाहीये." चकलीचा डबा तिनं टाकला नव्हता. भोकं पडलेलं झाकण बाजूला ठेवून तिनं त्यात कढीपत्ता लावला होता आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. मी रोज सकाळी चहा करताना तो बघायचो. तिनं तो मुद्दाम तिथे ठेवला असं मी म्हणत नाही. पण हलवलाही नाही.

ते वर्ष मुलीनं एका छोट्या स्टुडिओत उमेदवारी केली. पगारातून तिनं नवं कार्ड घेतलं, नवा बोर्ड घेतला. उन्हाळा परत आला, छप्पर परत तापलं. ती परत अर्ज करणार होती, त्याच फिल्मचं शेवटचं वळण आता नीट करून. एका शनिवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली. माझा भंगारातला हीटर तिनं तळघरातून वर आणला होता, धुऊन पुसून.

"बाबा," ती म्हणाली. "नोखमाल?"

ऑफिसातलं माझं नाव तिनं कित्येक जेवणांत ऐकलं होतं. मी तिला म्हणालो, तयार घे गं बाई, मी पैसे देतो, मला यात ओढू नकोस. मला खरंच भीती वाटत होती. ती म्हणाली, यंत्र चांगलं होतं, एक क्लिप कमी होती. हे तिनं जर्मनमध्ये म्हटलं, अगदी माझ्या ऑफिसातल्यांसारखं, कोरडेपणानं. त्यात दोष काढणं नव्हतं आणि माफी पण नव्हती.

बाउमार्क्टला क्लिपा तिनं मोजल्या. टाकी दुकानातली आणली. जोड मी बसवले, प्रत्येक जोडावर तिनं बोट फिरवलं. संध्याकाळ व्हायला आली होती, खिडकीतून तिरकं ऊन येत होतं आणि टॉवेल खाली पांढरेशुभ्र अंथरलेले होते. गार पाण्यावर पंप दुपारभर चालला होता. त्यानंतर पाणी कोमट करून पुन्हा फिरवायला सुरुवात केली होती, पण ते फार वेळ झालेलं नव्हतं. सगळं कोरडं होतं. ती कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे वळली. आणि मग तिनं मला मराठीत विचारलं. जुळवून जुळवून, पण मराठीत.

"बाबा, चालेल की चालतंय?"

मी दचकलो. हा फरक तिला कोणी सांगितला?

"काका," ती म्हणाली. तिनं त्याला कधी तरी फोन करून विचारलं होतं, की बाबा जो शब्द म्हणतो त्याचा नक्की अर्थ काय. दादा तिला म्हणाला होता, "चालेल म्हणजे बघू. चालतंय म्हणजे बघितलं." एवढं वाक्य तिनं पाठ केलं होतं. किती दिवस ते तिच्याजवळ होतं, मी विचारलं नाही.

माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. टॉवेल कोरडे होते, जोड पक्के होते, ती थकली होती, मीही थकलो होतो आणि तिच्या चेहऱ्यावर आशा होती. कोणत्याही बापानं म्हटलं असतं. मी तोंड मिटलं.

"अजून माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

तिनं बटणावरचं बोट काढलं. "बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून टॉवेलांकडे बघत माझ्या शेजारी बसली. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. एवढंच ऐकायचं होतं तिला, तेव्हाही.